अण्णांच्या हातात पहिला स्मार्टफोन: आधी फोनला वळण लावा, मग शिकवायला बसा

"याला माझं बोटच आवडंना." आमच्या अण्णांनी चौथ्या दिवशी नवा फोन उशाखाली सरकवला आणि जुना बटणाचा फोन परत खिशात घातला. वय ७१, रेणापूर तालुक्यात साडेचार एकर, सोयाबीन आणि तूर. फोनमधल्या ॲपवर पीक नोंदवायच्या पीक पाहणीला दरवेळी गावातल्या कुणाच्या तरी पोराला हात जोडावे लागतात म्हणून त्यांनी स्वतःच फोन मागितला होता. मी नांदेडहून आठ दिवसांची रजा काढून गेले आणि त्यातले पहिले चार दिवस वाया घालवले. चूक माझी होती. मी अण्णांना शिकवत बसले, फोनला हातच लावला नव्हता.

नंतर कळलं, त्यांचं वाक्य शब्दशः खरं होतं. फोनला त्यांचं बोट खरंच कळत नव्हतं. तुम्ही आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना पहिला स्मार्टफोन देणार असाल, तर ज्या क्रमानं मी हे दुसऱ्यांदा केलं तो क्रम खाली देते. फोन ॲन्ड्रॉइड आहे असं धरलंय. सेटिंगची नावं कंपनीनुसार थोडी इकडंतिकडं होतात. सापडलं नाही तर सेटिंगमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथं लिहा.

१. आधी हे जमवून ठेवा

- आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर. जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला निघाला तर पुढचं सगळं अडतं. पहिल्यांदा आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या.
- बँकेचं पासबुक. डेबिट कार्ड असलं तर तेही.
- सातबारा आणि आठ-अ. गट नंबर आणि खाते नंबर कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या.
- जुन्या फोनमधले नंबर. सिमवर असतील तर येतात. फोनच्या मेमरीत असतील तर एक दुपार वहीत उतरवण्यात जाते.
- सुती फडकं आणि शंभर पानी वही.

सिम नवं घेऊ नका. तीस जणांना पाठ असलेला नंबर बदलला तर अण्णा फोनवर नाही, तुमच्यावर रागावतील.

दुकानात एक गोष्ट सांभाळा. फोन घेतला की दुकानदार लगेच जाड काच चिकटवून देतो. आमच्याकडच्या काचेच्या कडा उचललेल्या होत्या आणि मधे हवा राहिली होती. पन्नास-शंभर रुपयांची ती काच पुढच्या निम्म्या त्रासाचं कारण निघाली.

२. बोट आणि काच

स्मार्टफोनची काच दाब मोजत नाही. बोटाच्या कातडीतून जाणारा विजेचा अगदी बारीक फरक ती ओळखते. आयुष्यभर कुळव-विळा धरलेल्या बोटाची कातडी जाड, कोरडी आणि भेगाळलेली असते, त्यामुळे काचेला ते बोट पुरतं लागत नाही. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा उठत नाही, त्यांना इथंही बहुतेक त्रास होतो. दोन्हीकडचं यंत्र वेगळं असलं तरी बोट तेच.

त्यात आणखी एक भर. बटणाच्या फोनची सवय असलेला माणूस दाबतो. जोरात आणि थांबून. स्मार्टफोनला साधारण अर्धा सेकंद बोट टेकलं की वाटतं, याला काही वेगळं हवंय. मग ॲप उघडायच्या ऐवजी चिन्ह थरथरतं, जागचं हलतं नाहीतर भलतीच यादी उघडते. अण्णा घाबरून आणखी जोरात दाबायचे. मी म्हणायचे, "हळू दाबा." ते म्हणायचे, "हळू दाबल्यावर दाबलं कसं म्हणायचं?" बरोबरच होतं त्यांचं.

असं करा:

जाड काच काढून पातळ, नीट बसलेली लावा, किंवा काही दिवस लावूच नका. काच लावायचीच असेल तर बऱ्याच फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचं सेटिंग असतं, ते सुरू करा.

सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग आहे. त्यात 'स्पर्श करून धरण्याचा' वेळ कमी, मध्यम, जास्त असा निवडता येतो. जास्त ठेवा. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. अण्णांचा निम्मा राग इथं संपला.

बोलताना 'दाबा' हा शब्द टाकून द्या. मी 'टिचकी मारा' म्हणून पाहिलं, तर त्यांनी कॅरमच्या सोंगटीसारखी नखानं उडवली. नखाला काच ओळखत नाही. शेवटी चाललं ते मायनं सुचवलेलं: "तवा तापला का बघता तसं." बोट लागतं आणि लगेच उठतं. तुमच्या घरात दुसरं काही चालेल, पण घरातलंच काही शोधा.

बोट फारच कोरडं असेल तर ओल्या फडक्याला पुसून घ्यावं. तेल नको, काच बरबटते.

खालून वर सरकवायची नवी पद्धत बंद करून जुनी तीन बटणं आणा. नेव्हिगेशन किंवा जेश्चर या नावाखाली हे सेटिंग मिळतं. बोट सरकवणं तरुणांना सोपं वाटतं, कारण काय सरकवायचं ते त्यांना आधीच माहीत असतं. नवख्या माणसाला डोळ्याला दिसणारं बटण लागतं. मागं जायचा त्रिकोण कायम तिथंच दिसला पाहिजे, म्हणजे चुकलं तरी परतीची वाट माहीत राहते.

३. पडदा रिकामा करा

नवा फोन दारात आलेल्या फेरीवाल्यासारखा असतो, सगळा माल एकदम मांडून बसतो. पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी ठेवा: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च. बाकीचं काढा किंवा मागं ढकला. खेळ, खरेदी, बातम्यांच्या ॲपच्या सूचना बंद करा. सतत काहीतरी वाजतंय आणि त्यावर 'ओके' लिहिलंय, म्हणजे ते सरकारी असणार असं त्या पिढीला वाटतं.

अक्षरं मोठी करा, पण अगदी शेवटच्या पायरीला नेऊ नका. तिथं काही ॲपमध्ये 'पुढे' हे बटणच पडद्याखाली जातं आणि माणूस बंद दारापुढं उभा राहतो. शेवटून दुसरी पायरी बरी.

पडदा विझायचा वेळ दोन मिनिटांवर न्या. तीस सेकंदांत अण्णांचा चष्मासुद्धा सापडत नाही.

भाषा मराठी ठेवायची की इंग्रजी, यावर आमच्या घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, मराठी ठेवली तर उद्या दुकानातल्या पोराला काही सापडणार नाही. खरंय. शिवाय काही मराठी शब्द असे की ते वाचून अण्णा मलाच अर्थ विचारत. तरी मी मराठीच ठेवली. फोन अण्णांचा आहे, दुकानातल्या पोराचा नाही.

नंबर जतन करताना प्रत्येकाचा फोटो लावा. नाव वाचण्याआधी तोंड ओळखता येतं. आत्याचा फोटो नव्हता, तर तिच्या दारातल्या लिंबाचा लावला. चाललं.

४. आकड्यांची भानगड

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ओटीपी आला की मायकडून तो हमखास चुकायचा. ती चौथी शिकलेली, आकडे तिला चांगले येतात. पण मराठी. इंग्रजी नऊ आपल्या एकसारखा दिसतो. इंग्रजी आठ म्हणजे जवळजवळ आपला चार. इंग्रजी सहा बघितला की सात वाटतो. तीन वेळा ओटीपी चुकला की पुढचा काही वेळ दार बंद, आणि माणूस म्हणतो, मला येत नाही. येत असतं. लिपी दुसरी असते.

वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा, वर मराठी आकडे, खाली त्याच आकड्याचं इंग्रजी रूप. नऊ, आठ आणि सहाला लाल शाईनं गोल करा. ओटीपी आला की आधी वहीत उतरवायचा आणि मग भरायचा. घाई नको, बहुतेक ओटीपी काही मिनिटं चालतात.

अण्णांना हा त्रास नव्हता, कारण बारा वर्षं बटणाचा फोन. त्यांना आकडा दिसायचा नाही, जागा आठवायची: मधला उंचवटा पाच, त्याच्या खाली आठ. ही सवय मोडू नका, वापरा. फोनच्या आकड्यांची मांडणी, वर एक-दोन-तीन, १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये माणसांवर वेगवेगळ्या रचना तपासून ठरली आणि आजही डायल पॅडवर तीच आहे. यूपीआयचा पिन टाकायच्या पानावरही तीच. म्हणून शिकवायला सुरुवात डायल पॅडपासून करा. कॅल्क्युलेटरवर मात्र सात-आठ-नऊ वर असतात, तो पहिल्या महिन्यात उघडूच नका.

५. एका वेळी एक काम, आणि फोन त्यांच्याच हातात

पहिले दोन दिवस फक्त फोन उचलणं आणि लावणं. हिरवं चिन्ह सरकवायचं की टेकवायचं हे फोनवर अवलंबून असतं. तुम्ही शेजारच्या खोलीतून वीस वेळा फोन लावा. हसू येतं, पण वीस वेळा लागतोच. मग व्हिडिओ कॉल. मग फोटो.

शिकवताना तुमचे हात पाठीमागं बांधा. "आणा, मी करते" म्हणून फोन ओढून घेतला की त्या दिवसाचा धडा संपला. तुमचं बोट इतकं झरझर चालतं की समोरच्याला जादूच दिसते, पायऱ्या दिसतच नाहीत. वहीत पायऱ्या त्यांनी लिहायच्या, त्यांच्या शब्दांत. अण्णांच्या वहीत व्हॉट्सॲपच्या माईकला 'भोंगा' आणि तीन टिंबांना 'तीन मुंग्या' लिहिलंय. मी दुरुस्त केलं नाही. आता मीही फोनवर सांगताना मुंग्याच म्हणते.

६. टायपिंग सोडा, बोला

कीबोर्डमध्ये मराठी भाषा टाका आणि माईकचं चिन्ह दाखवा. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून लिहायची सोय २०१७ पासून आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. वाक्य पूर्ण मनात जुळवून मग बोलायचं. मधे "अं… ते हे…" केलं की तो तिथंच थांबतो.

आपली बोली मात्र त्याला पुरती कळत नाही. "लई पाऊस झाला, रानात जाता येईना" यातलं अर्धं भलतंच उमटलं. 'तूर'ची 'दूर' झाली. अण्णा मग आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले, घरात हसून पुरेवाट. फार लिहायचंच नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजच पाठवा. त्याला बोली-बिली काही अडत नाही.

७. पीक पाहणी, जिच्यासाठी हे सगळं केलं

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः ॲपमधून पीक नोंदवायचं आणि ती नोंद सातबाऱ्यावर येते. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावानं विक्री अशा ठिकाणी पुढं ती नोंद बघितली जाते.

घरी ओट्यावर बसून करायचं ते आधी उरका: प्ले स्टोअरमधूनच ॲप घेणं, मोबाईल नंबरनं नोंदणी, गाव निवडणं, खाते नंबर शोधणं. घरी नेटवर्क बरं असतं आणि चष्माही असतो.

रानात गेल्यावर गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचन, लागवडीची तारीख भरून पिकाचा फोटो. इथं तीन ठिकाणी माणसं अडकतात.

पहिलं, लोकेशन. ते बंद असेल तर ॲप पुढं सरकत नाही. ते चालायला इंटरनेट लागत नाही, उपग्रहाकडून जागा कळते, पण त्याला वर मोकळं आभाळ लागतं. अण्णा सवयीनं बाभळीच्या सावलीत उभे राहिले आणि फोन शोधतच बसला. दहा पावलं उन्हात गेले, झालं.

दुसरं, ऊन. भर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. प्रकाश पूर्ण वाढवा.

तिसरं, आंतरपीक. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक निवडावं लागतं, दोन्हींचं क्षेत्र वेगळं भरावं लागतं. घाईत नुसतं सोयाबीन टाकलं तर सातबाऱ्यावर तूर येत नाही, आणि ते तूर विकायला गेल्यावर कळतं.

शेवटी नोंद पोहोचली का ते घरी येऊन बघा. हिरवी खूण दिसली तरी अण्णा पानाचा फोटो काढून ठेवतात. हे मी शिकवलं नाही. तलाठ्याच्या कागदाची झेरॉक्स ठेवायची चाळीस वर्षांची सवय आहे ती.

पीएम किसानचं ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, तेही आता बोटावर अडत नाही. जून २०२३ पासून त्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ते करता येतं. चेहऱ्यासाठी आधारचं वेगळं ॲप आधी घ्यावं लागतं. उजेड तोंडावर पडायला हवा, पाठीमागं खिडकी नको, आणि डोळ्यांची उघडझाप सांगेल तेव्हाच करायची. डोक्यावरचा रुमाल काढा.

८. पैसे सगळ्यात शेवटी

यूपीआय पहिल्या महिन्यात नको. फोन हाताला बसल्यावर द्या, आणि मुख्य खात्यावर देऊ नका. दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवून तेच जोडा. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे ज्या खात्यात येतात ते फोनपासून लांबच बरं.

पाठ करून घ्यायचं वाक्य एकच: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. कुणी म्हणालं, "पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील", की फोन ठेवायचा.

आमच्या भावकीतल्या एकाचे पैसे वेगळ्याच वाटेनं गेले. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एक फाईल आली, शेवटी 'एपीके' लिहिलेली, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी. पाठवणारा ओळखीचाच होता, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला. फाईल उघडली, फोननं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'अनुमती द्या' म्हटलं, आणि नंतर आलेले ओटीपी परस्पर कुणीतरी वाचले. म्हणून सेटिंगमध्ये 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे' उघडा आणि व्हॉट्सॲप, फाईल्स, ब्राउझर या सगळ्यांसमोर ते बंद आहे का बघा. वहीत लिहा: ॲप फक्त प्ले स्टोअरमधून. सरकार व्हॉट्सॲपवर फाईल टाकून पैसे वाटत नाही.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासा-दोन तासात कळवलं तर पैसे पुढं सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. घरचे ओरडतील या भीतीनं त्या भाऊबंदानं दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. ओरडणार नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवा.

९. लांबून मदत

मी नांदेडला परतल्यावर रोज संध्याकाळी 'हे काय आलंय?' सुरू झालं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवायची सोय आहे. अण्णा पडदा दाखवतात, मी म्हणते, खालून दुसरं. उत्तम चालतं.

पण ठगसुद्धा हेच मागतात. म्हणून घरचा नियम: पडदा फक्त आपण लावलेल्या फोनवर दाखवायचा, आलेल्या फोनवर नाही. माझा फोन आला तरी ठेवायचा आणि उलट लावायचा. आणि पडदा चालू असताना पैशाचं ॲप उघडायचं नाही, मी सांगितलं तरी.

१०. यंत्राशी गप्पा

हा विषय मी काढला नव्हता. भाच्यानं दिवाळीत एआयचं ॲप टाकून दिलं आणि अण्णांना ते सगळ्यात लवकर जमलं, कारण तिथं काही शोधावं लागत नाही. मराठीत बोलायचं, मराठीत उत्तर येतं. सोयाबीन पिवळं पडलंय, काय करू? उत्तर झकास आलं: पिवळा मोझॅक असू शकतो, पांढऱ्या माशीमुळं पसरतो. इथवर बरोबर. पुढं औषधाचं नाव आणि प्रमाणही तितक्याच ठामपणे सांगितलं, आणि डब्यावरच्या लेबलवर ते प्रमाण वेगळं होतं.

तिथून आमची वाटणी ठरली. काय असू शकतं, कुणाला विचारावं, अर्जातला अवघड शब्द म्हणजे काय, हे यंत्राला विचारायचं. औषधाचं प्रमाण, योजनेची शेवटची तारीख आणि पैशाचा आकडा मात्र नाही. त्यासाठी कृषी सहायक, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला, नाहीतर डब्यावरचा कागद. प्रश्न विचारताना जिल्हा, पेरणीची तारीख, जमीन भारी की हलकी हे सांगितलं तर उत्तर जास्त कामाचं येतं. आधार नंबर, खाते नंबर मात्र गप्पांमध्येही बोलायचा नाही.

११. फोन हरवला तर

फोन नवा असतानाच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हे डायल करा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमइआय नंबर, म्हणजे त्या फोनची ओळख, येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. ते वहीत नाही, वेगळ्या कागदावर उतरवा, कारण वही फोनबरोबरच पिशवीत असते. हरवला की सिम बंद करायला कंपनीला फोन, बँकेला फोन, पोलिसात तक्रार, आणि त्या तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा अर्ज.

आमचा तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. वर आयएमइआय नंबर, खाली १९३०, त्याखाली माझा नंबर, आणि कोपऱ्यात अण्णांच्या अक्षरात: 'आधी उलट फोन लावणे'.